गाठ मधोमध

सोमवार, ता. ३

घेतलं! मला परत घेतलं!

चार वर्षं खिडकीत बसून रस्त्यावरच्या हमालांच्या चुका काढत होतो. आज सकाळी मुकादम स्वतः घरी आली. मुकादम म्हणजे माझ्या जोडीदाराची मुलगी. ज्याच्याबरोबर एकतीस वर्षं एका दांड्याखाली चाललो, त्याची. तो गेला, टोळी आता ती सांभाळते. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून मिरवायची, आता कानामागे पेन्सिल आणि हातात यादी. बसलीसुद्धा नाही. "काका, खांदा शाबूत आहे का?" एवढंच विचारलं. मी तिथल्या तिथे मोरीतलं पिंप उचलून दाखवणार होतो. आमची ही आतून म्हणाली, "आधी त्यात पाणी आहे का ते बघा." होतं. काठोकाठ. राहू दिलं.

आणि काम काय — तर शाळा! अख्खी शाळा जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत न्यायची. दोन मजले, अडतीस कपाटं, बाकं, फळे, नकाशे, सगळं. शाळेच्या दारापासून गाडी उभी राहते तिथवर दोनशे पावलांचा बोळ, इतका अरुंद की हातगाडीही शिरत नाही. म्हणजे दांडा आणि दोर! दांड्याच्या मधोमध दोराची गाठ, गाठीला ओझं, दोन टोकांना दोन खांदे. आताच्या मंडळींना चाकं माहीत आहेत, पट्टे माहीत आहेत. दांडा कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे.

मुकादम जाताना दारात थांबली. खरं बोलायचं होतं ते तेव्हा बोलली. टोळीत एक जण आहे, त्याला सगळे टेकू म्हणतात. पक्का अंगचोर. दांड्याच्या मागच्या टोकाला असला की गाठ हळूच पुढच्याकडे सरकवतो, अशी तक्रार आहे. गाठ जिकडे सरकते तिकडे भार जातो. पुढच्याची पाठ ओझ्याकडे, त्याला काही दिसत नाही. पण खांद्याला कळतं. "तुम्ही पुढे राहा, तो मागे. हे काम संपलं की गोदामाचं वर्षभराचं काम आहे. त्याला न्यायचा की काढायचा, ते तुमचा खांदा सांगेल." मग — "आणि काका, तुम्हाला झेपलं तर तुम्हीपण चला. नाही झेपलं तर हट्ट नको. सरळ सांगायचं."

झेपलं तर म्हणे!


मंगळवार, ता. ४

शाळेत शिरलो आणि सातवीत पोचलो. तोच वास! खडू, शाई, जुनं लाकूड, आणि कुणाच्या तरी डब्यातलं सांडलेलं तेल. ही माझी शाळा नव्हे, पण सगळ्या शाळांचा वास एकाच कारखान्यात बनत असावा. दुसऱ्या मजल्यावरच्या एका फळ्यावर अजून तारीख होती, तिच्याखाली 'घरचा अभ्यास' आणि पुढे काहीच नाही. सुखी मुलं.

आमचे गुरुजी टेबलावर डस्टर आपटून वृत्तं शिकवायचे. सातवीनंतर शाळा सुटली, वृत्तं सुटली नाहीत. जिन्यावर भुजंगप्रयातच चालतं हे मी माझ्या हमालीच्या पहिल्याच वर्षी शोधून काढलं. लघूला पाय उचलायचा, दोन गुरूंना दोन पावलं. ओळी माझ्या मीच जुळवतो.

उठा रे, चला रे, जपूनी वळा रे
पुढे पायरी ही, तिला ओळखा रे

पूर्वी माझा जोडीदार मागून 'रे' धरायचा. शार्दूलविक्रीडित मात्र जिन्यावर म्हणू नये. ओळ संपायच्या आत जिना संपतो आणि माणूस भिंतीवर जातो.

पहिली खेप — खोटं कशाला लिहू — वाईट झाली. गाठ मीच बांधली, वीत घालून, बरोबर मधोमध. दोन पायऱ्या कविता चालली. चौथ्या पायरीला 'ओळखा'वर आवाज बसला. खांद्यात कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. तोंड मिटून कसाबसा खाली आलो. मागून टेकूनं विचारलं, "कविराज, मधेच बंद का पडलात?" मी म्हटलं, घसा बसला. तो म्हणाला, "आता गाठ मी बांधतो. तुम्ही पुढे व्हा, आणि म्हणत राहा. गप्प चालायचं म्हटलं की मला झोप येते."

आणि दुसऱ्या खेपेपासून काय जादू झाली! ओझं हलकं. अगदी हलकं! शरीर विसरत नाही. त्याला फक्त आठवायला एक खेप लागते. संध्याकाळपर्यंत चौदा खेपा, आणि प्रत्येक खेपेला कविता शेवटपर्यंत.

हिनं खांद्याला तेल चोळलं. म्हणाली, "उद्या उठता आलं तर मला हाक मारा, बघायला येते."


बुधवार, ता. ५

उठलो! अठरा खेपा! अठरा!!


गुरुवार, ता. ६

टेकूविषयी नीट लिहायला हवं, कारण त्याची भाकरी माझ्या खांद्यावर आहे आणि हे त्यालाही ठाऊक आहे.

पस्तिशीचा असेल. धिप्पाड. बैलाच्या वशिंडासारखे खांदे — आणि ते कायम कशाला तरी लावलेले. भिंत, खांब, दार, गाडी, जे असेल ते. बाकं हलवायची होती तर प्रत्येक बाकावर आधी बसून बघत होता. पैलवान पेटला. पैलवान म्हणजे आमच्यातला सगळ्यात हडकुळा. नाव कुणी ठेवलं त्याचे पाय धरावेत. चार स्टुलं दोन हातांत आणि एक डोक्यावर घेऊन चालला होता. तो थांबून म्हणाला, "आम्ही घाम गाळायचा आणि ह्यानं सावली मोजायची. बाकावर बसायला आलास का रे?"

टेकू शांतपणे म्हणाला, "बाक बसायलाच करतात. मी तपासून देतोय."

मला हसू आलं, पण चेहरा कडक ठेवला. वयाला शोभायला हवं. चहाच्या सुट्टीत पैलवानानं सगळं बाहेर काढलं. टेकू एका वेळी एक खुर्ची नेतो. नकाशाची गुंडाळी दोन हातांनी नेतो, जणू बाळ आहे. पाणी प्यायला गेला की विहीर खणून येतो. ह्या आधी दोन टोळ्यांनी त्याला काढलं. बायको माहेरी जाऊन बसली आहे. तिची एकच अट — एका ठिकाणी वर्षभर काम करून दाखव, मग येते. दहा महिने झाले आहेत. पैलवान म्हणाला, "तिच्यासाठी आम्ही का मरायचं?"

पैलवानाचं खोटं नाही. मी आणि माझा जोडीदार, आमची एकच शपथ होती — गाठ मधोमध. एकदा तो तापानं फणफणला होता तरी त्यानं मला गाठ माझ्याकडे ओढू दिली नाही. म्हणाला, "आज तू घेशील, उद्या मला सवय लागेल." असा माणूस! टेकूसारख्यांचं त्याला दर्शनही सोसलं नसतं.

घरी येताना वाटेत जुळवलं —

दिसे भिंत तेथे उभा टेकलेला
अहो, भिंत पाडा, तरीही तसा हा

हिला म्हणून दाखवलं. म्हणाली, "म्हणजे तुमच्या निवृत्तीवरची कविता."


शुक्रवार, ता. ७

कालची कविता टेकूला कुणीतरी ऐकवली. (मीच.) रागावेल वाटलं. त्यानं दुसऱ्यांदा म्हणायला लावली, आणि मग दिवसभर मागच्या टोकाकडून तीच! स्वतःची निंदा स्वतःच्या पावलांवर, भसाड्या आवाजात, पण लघुगुरू बिनचूक. एकोणीस खेपा. बोळातल्या खिडक्यांतून बायका बघत होत्या. एकीनं विचारलं, कुठली दिंडी म्हणून? मी म्हटलं, कपाटांची.


शनिवार, ता. ८

आज प्रयोगशाळेचं लोखंडी कपाट. त्याला बघूनच पैलवानानं नमस्कार केला. मी म्हटलं, ह्याला मी आणि टेकू. मुकादम नको म्हणत होती. टेकूनं दोर बांधला, मी पाठ करून बसलो, 'उठा रे' म्हटलं —

आणि उठलो! सदुसष्टाव्या वर्षी! उठलो, जिना उतरलो, बोळ पार केला, आणि वाटेत नवीन ओळी सुचल्या त्या वेगळ्याच —

कपाटात राहे जुना वर्ग सारा
तरी हा न वाके, कसा छान खांदा

गाडीपाशी ठेवलं तेव्हा टेकू घामानं निथळत होता, तोंड लालबुंद, आणि मी कोरडा! पैलवान त्याला म्हणाला, "काय रे, म्हातारा बघ आणि तू बघ." टेकू गाडीला टेकून नुसता धापा टाकत होता. मला त्याची कीव आली. एवढा देह, आणि आत काही नाही. न वापरलेलं शरीर असंच फितूर होतं.

घरी येताना शीळ घातली. शेजारणीनं हिला विचारलं, "ह्यांना झालंय काय?" हिनं सांगितलं, "शाळेत घातलंय."


रविवार, ता. ९

सुट्टी. काही सुचत नाही. खांद्यावर काही नसलं की माणूस बोडका वाटतो.


सोमवार, ता. १०

मुकादमानं आज बाजूला घेतलं. आठवडा झाला काका, खांदा काय म्हणतो? मी म्हटलं, खांदा काहीच म्हणत नाही, खांदा गातो आहे. ती हसली नाही. तिचा बापही कामाच्या बोलण्यात हसत नसे. गोदामाची यादी शनिवारी द्यायची आहे. टेकूला घेतलं आणि तिथे त्यानं कुणाच्या खांद्याचं वाटोळं केलं तर जबाबदारी तिची. सोडला तर त्याला आता कुठे कोण घेणार, हेही तिला कळतं. "मला मनानं ठरवायचं नाही. तुम्ही सांगाल ते." केवढा विश्वास! छाती दोन इंच वाढली.

पण प्रामाणिकपणे मला काही जाणवलेलं नाही. भार वाढला असता तर कळलं असतं ना? पैलवान म्हणतो, त्याचा हात सारखा गाठीवर असतो, मी डोळ्यांनी बघितलंय. आता जिना उतरताना गाठ आपोआप पुढे घसरते, मागच्यानं ती धरायचीच असते, त्यात काही नाही. पण सपाट बोळातसुद्धा हात गाठीवर? आणि ओझं टेकताक्षणी हा आधी दोर सोडून मोकळा. एरवी प्रत्येक गोष्टीत चालढकल, दोर सोडायची तेवढी घाई.

उद्या बघतो.


मंगळवार, ता. ११

सापडलं!!

जेवणाच्या सुट्टीत सगळे नळावर गेले. दांडा भिंतीशी उभा होता. आठवडाभर दोर घासून लाकडावर गुळगुळीत, चकचकीत पट्टा पडला आहे. मी वीत घातली. दोन्ही टोकांकडून मोजलं, दोनदा. पट्टा मधोमध नाही. एका टोकाकडे दीड वीत सरकलेला!

दीड वीत म्हणजे थोडं नव्हे. तिथे गाठ असली तर एकाकडे दोन वाटे, दुसऱ्याकडे एक. म्हणजे लबाडानं गाठ माझ्याकडे ढकलली, आठवडाभर, प्रत्येक खेपेला!

क्षणभर संताप आला. आणि मग — मग काय झालं ते कागदालाच सांगतो — रिकाम्या वर्गात मी टेबलावर ताल धरला आणि नाचलो. थोडासाच. कारण हिशेब बघा! दोन वाटे मी वाहिले आणि मला कळलंसुद्धा नाही! लोखंडी कपाटाचे दोन वाटे! चार वर्षं ज्या खांद्याला मी म्हातारा म्हणत होतो, त्यानं ह्या बैलाचा भार हसत हसत, गात गात नेला!

हिला सांगितलं. ती ज्या नजरेनं बघत होती तशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची. नंतर म्हणाली, "मग गव्हाचा डबा फळीवर ठेवून द्या की." ठेवला. जरा जड लागला. डबा दांड्यावर नसतो, हातांनी उचलावा लागतो, त्याची गोष्ट वेगळी.


बुधवार, ता. १२

सांगितलं.

तिला दांडा दाखवला, पट्टा दाखवला. तिनं स्वतः वीत घातली. मग विचारलं, "नक्की ना काका?" मी म्हटलं, दांड्याला कुणाशी वैर आहे का?

संध्याकाळी, शेवटची खेप झाल्यावर, तिनं टेकूला बोलावलं. मी, पैलवान, सगळे तिथेच होतो. ती शांतपणे विचारत गेली आणि तोही तितक्याच शांतपणे उत्तर देत गेला.

"गाठीला हात लावलास?"

"लावला."

"जागची हलवलीस?"

"हलवली."

"रोज?"

"रोज. पहिल्या खेपेनंतर."

"का?"

तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझ्यावर काहीतरी ढकलेल. तो म्हणाला, "असंच. माझी चूक झाली म्हणा."

तिनं यादीवर रेघ मारली. त्यानं खांद्यावरचं फडकं झटकलं, घडी घातली — ह्या माणसाला घडी घालताना मी पहिल्यांदाच बघितलं — आणि निघाला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "कविराज, उद्यापासून जपून उचला."

धमकी असावी. पैलवान म्हणाला, बरं झालं, साडेसाती गेली. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पाठ दुखत नव्हती. तरी थाप लागली.

ही म्हणाली, "त्याच्या बायकोचे दोनच महिने राहिले होते ना?" मी म्हटलं, काम म्हणजे काम. माझ्या जोडीदारानंही हेच केलं असतं. हेच केलं असतं.

गोदामाच्या यादीत माझं नाव पहिलं आहे!


गुरुवार, ता. १३

आज मागे पैलवान. ग्रंथालयाचं कपाट, रिकामं, लाकडी. कालच्यापेक्षा लहान. 'उठा रे' म्हटलं. पैलवान उठला. मी नाही उठलो.

पुन्हा. अर्धवट उठलो, दोन पायऱ्या, आणि आवाज गेला. पहिल्या दिवशी गेला होता तसाच. कपाट टेकवावं लागलं. पैलवान घाबरला, पाणी आणायला धावला. मी म्हटलं, काही नाही रे, काल जागरण झालं. दिवसभरात चारच खेपा. तीन स्टुलांच्या.

जागरण झालं नव्हतं. पण होतं असं एखादे दिवशी. खांदा रुसतो. उद्या ताळ्यावर येईल.

हिनं तेल चोळलं. आज दोनदा.


शुक्रवार, ता. १४

सकाळी पैलवानाला माझी दया आली. इकडे तिकडे बघून कानात म्हणाला, "काका, गाठ जरा माझ्याकडे घेतो. मुकादमाला सांगू नका." दीड वीत घेतली. मी पाठ करून बसलो, उठलो — आणि हलकं! तेच हलकं. जसंच्या तसं, आठ दिवसांचं, टेकूचं.

बोळात मधेच थांबलो. खाली ठेवायला सांगितलं. पैलवानानं विचारलं, काय झालं? गाडीपाशी जाऊन मुकादमाला सांगितलं — गाठ हलली होती ती त्याच्याकडे, माझ्याकडे नाही. दांड्याला पुढचं मागचं टोक नसतं, हे एकतीस वर्षं दांडा वाहिलेल्या माणसाला आठवलं नाही. अंगचोर सापडला आहे, त्याचं नाव यादीत पहिलं आहे, ते खोड आणि तिथे टेकूचं लिही.

तिनं पेन्सिल काढली. म्हणाली, "मग तो बोलला का नाही, काका?"

बोलला असता तर मला काढलं असतंस. हे मी म्हटलं नाही. तिनंच मान खाली घातली आणि लिहिलं. मागच्या पानावर त्याचा पत्ता लिहून दिला. पान फाडताना म्हणाली, "मी येऊ का बरोबर?" नको म्हटलं. हे एवढं तरी एकट्यानं न्यायला हवं.

ही दारातून विचारते आहे, वहाणा घालून लिहीत काय बसलात. जातो.